मुलुंडचा जकात नाका आणि मुंबईचा हक्क

माझे बाबा महापालिकेच्या जकात खात्यात होते. जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा पालिकेचा कर. शेवटची काही वर्षं मुलुंडच्या नाक्यावर. रात्रपाळी करून घरी यायचे तेव्हा बोटं कार्बनने निळी झालेली असायची. चहाचा कप हातात घेतला की आईला हमखास सांगायचे, "आज एवढा भरणा झाला." त्यातला एक पैसाही आमच्या घरात येणार नव्हता, पण आकडा सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. शहराचा पैसा होता तो. केईएममधली औषधं, पालिकेच्या शाळा, गल्लीतले दिवे, सगळं त्यातूनच.

३० जून २०१७ च्या मध्यरात्री जकात संपली आणि जीएसटी आला. सकाळी बाबांना घेऊन नाक्यावर गेलो. ते तेव्हा निवृत्त झाले होते. ट्रक न थांबता सुसाट निघून जात होते. बाबा बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "आता दर महिन्याला मंत्रालयाच्या चेकची वाट बघायची."

जकात गेली याचं मला दुःख नाही. नाक्यावर तासन्‌तास ट्रक खोळंबायचे, चिरीमिरी चालायची, हे बाबाही मान्य करतात. पण वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास मिळवून देणारं मुंबईचं सर्वात मोठं उत्पन्न गेलं आणि त्याजागी आली राज्य सरकारकडून मिळणारी नुकसानभरपाई. स्वतः कमावणं आणि दुसऱ्याने हातावर ठेवणं यात फार फरक आहे.

राज्याचंही तेच झालं. जीएसटीचे निर्णय घेणाऱ्या केंद्र-राज्यांच्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश सगळ्या राज्यांत समान वाटलेलं. निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे एकट्या केंद्राने नाही म्हटलं की विषय संपला. राज्यांना एखादा निर्णय अडवायचा असेल, तर सगळे हजर असताना किमान बारा जणांची मोट बांधावी लागते. देशात सर्वाधिक जीएसटी गोळा करणाऱ्या महाराष्ट्राचं मत त्यातलं फक्त एक. छोट्या राज्यांनाही आवाज हवा, हे मला पटतं. पण केंद्राला एकट्याला नकाराधिकार कशासाठी? वर केंद्राचे सेस आणि सरचार्ज, म्हणजे जादा अधिभार, आहेतच. केंद्रीय करांतली जी रक्कम राज्यांशी वाटून घ्यायची, तिच्यात ते धरलेच जात नाहीत, त्यामुळे राज्यांना ४१ टक्के मिळतात ते उरलेल्यातून.

दिल्लीवर बोलायला आम्हा मराठी माणसांना शिकवावं लागत नाही. मुंबई केंद्रशासित करायचं ठरलं तेव्हा चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडलं. हुतात्मा चौकातून जाताना अजूनही मान आपोआप लवते. पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की दिल्लीकडे हक्क मागणारं मंत्रालय आपल्याच शहराला तो देत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची आणली, त्यात शहरांच्या पालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. पहिलाच विषय नगर नियोजन. आणि वांद्रे-कुर्ला संकुलाचं, म्हणजे बीकेसीचं, नियोजन करतं कोण? राज्याचं एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. पालिकेचा आयुक्त नेमतं कोण? राज्य सरकार. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. प्रकरण कोर्टात होतं हे खरं, पण जवळपास चार वर्षं एवढ्या मोठ्या शहराचं बजेट लोकांनी निवडून न दिलेल्या प्रशासकाने मंजूर केलं. सत्ता कुठल्याही पक्षाची असो, मंत्रालयात कोणाला त्याची घाई नव्हती.

माझी मागणी साधी आहे. मुंबईत गोळा होणाऱ्या राज्य जीएसटीतला ठरावीक वाटा कायद्याने थेट महापालिकेचा असावा. भरपाई म्हणून नको, हक्क म्हणून हवा. आणि मुदत संपली की निवडणूक, एक दिवसही प्रशासक नको.

जानेवारीत बाबांचा हात धरून त्यांना मतदानाला नेलं. शाळेच्या पायऱ्या उतरताना शाई लागलेलं बोट बघत त्यांनी विचारलं, "निवडून येतील त्यांच्या हातात मोठा कर आता उरलाय कुठला रे?" मी म्हटलं, मालमत्ता कर. ते थांबले. "त्यात पाचशे फुटांच्या घराला माफी द्यायची, तेही मंत्रालयातच ठरलं ना?"