शंकूवरून ‘सरळ खाली’ येता येत नाही

पुण्यातल्या ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सारांश असा: रशियातला एल्ब्रुस (५,६४२ मीटर) हा ज्वालामुखी, म्हणजे गुळगुळीत शंकू; ना कडे, ना बर्फातल्या खोल भेगा. निम्मा चढ केबल कार आणि बर्फावरची गाडी वाचवते. सोबत स्की असले की हवा बिघडली तरी सरळ खाली घसरत यायचं. आणि भर पावसात तोरणा-राजगड करणाऱ्याला तिथल्या धुक्याचं काय कौतुक? हे वाचून काहींनी मे महिन्यातल्या स्की टूरची चौकशी सुरू केली आहे, म्हणून लिहितोय.

‘सरळ खाली’ हा यातला सर्वांत घातक भाग. शंकूच्या माथ्यावरून चहूकडे उतारच असतो आणि खाली जाल तशा उतारवाटा एकमेकींपासून लांब होत जातात. वर दिशा २० अंशांनी चुकली, तर तीन किलोमीटर उतरल्यावर तुम्ही मुक्कामापासून सुमारे एक किलोमीटर बाजूला असता. पायी चालताना निदान शंका यायला वेळ मिळतो. स्कीवर हे अंतर काही मिनिटांत संपतं. अमेरिकेतल्या माउंट हूड या ज्वालामुखीवर, जिथे उतरून यायचं ते टिंबरलाइन लॉज दक्षिणेला आहे, पण माथ्याजवळच्या विवराकडून उताराच्या ओढीने निघालेला माणूस पश्चिमेकडे सरकत मिसिसिपी हेडच्या कड्यांकडे जातो. म्हणून तिथले जाणकार ढगात होकायंत्र बघून उतरतात. याच डोंगरावर मे १९८६ मध्ये एका शाळेचा गट परतताना वादळात सापडला. वाट मिळेना म्हणून त्यांनी बर्फात गुहा खणली. या दुर्घटनेत नऊ जण दगावले.

भेगा नाहीत, हे तर साफ चूक. एल्ब्रुस हिमनद्यांनी वेढलेला आहे. नेहमीची वाट सुटली की भेगांचा टापू लागतो, आणि मे महिन्यात त्यांच्या तोंडावर ताजा बर्फ बसलेला असतो.

आता सह्याद्रीची तुलना. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो थरांवर थर साचून झालेला. त्यामुळे आपल्याकडे सोंड आहे, नाळ आहे, माची आहे, कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नसलं तरी पायाखालची धार सांगते की आपण कुठे आहोत. पावसाळी धुक्यात वाट चुकलेला माणूस बहुतेकदा भिजून, दमून का होईना, एखाद्या वाडीवर उतरतो. बर्फाळ डोंगरावरच्या व्हाइटआउटमध्ये मात्र आभाळ आणि जमीन एकच पांढरी होते. क्षितिज नाही, सावली नाही, समोर चढ आहे की उतार तेही कळत नाही. स्की करणाऱ्याला आपण थांबलोय की सरकतोय याचा अंदाज राहत नाही; थांबल्या जागी तोल जाऊन माणसं पडतात. तोरण्याचा अनुभव मोलाचा आहे, पण तो या गोष्टीची तयारी करून देत नाही.

ज्वालामुखीवर हिमप्रपात (उतारावरून बर्फाचे थर सुटून कोसळणं) होत नाहीत, असंही एक वाक्य त्या मजकुरात घुसडलं आहे. बहुतेक हिमप्रपात ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात आणि ज्वालामुखींच्या वरच्या अंगाला असे उतार भरपूर असतात. एकट्या उभ्या शिखरावर वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला थापतो. धोका तिथेच साचतो.

राहिली गाडी. केबल कार सुमारे ३,८५० मीटरपर्यंत नेते, बर्फगाडी त्याहून बरीच वर. पाय वाचतात, पण शरीराला विरळ हवेची सवय व्हायला लागणारे दिवस वाचत नाहीत. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये एल्ब्रुसवर ५,००० मीटरच्या वर १९ जणांचा गट हिमवादळात अडकला आणि पाच जण दगावले. त्यांच्यासोबत व्यावसायिक वाटाडे होते.

जायचंच असेल त्यांनी जरूर जावं. आधी गुलमर्ग किंवा औलीत स्की नीट शिकून जावं. आयोजकाला मात्र तीन गोष्टी विचारा: परत फिरण्याची वेळ कोणती ठरली आहे, खराब हवेसाठी राखीव दिवस किती आहेत, आणि उतरायची वाट जीपीएसमध्ये आणि होकायंत्राच्या अंशांत कोणाकोणाकडे आहे. उत्तरं मिळेपर्यंत आगाऊ रक्कम भरू नका.