चित्र झाकून वाच म्हणे!

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा वहिनीनं भाच्याच्या डायरीतला शेरा टाकला. नाशिकची शाळा, इयत्ता पहिली. 'मूल चित्र बघून अंदाजाने वाचते. घरी चित्र झाकून वाचून घ्यावे.' त्यावर आमच्या काकांचा, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकांचा, लगेच अंगठा. वर मल्लिनाथी: 'आम्ही बाराखडी घोटून घ्यायचो, ही चित्रांची थेरं नव्हती.' माझं डोकंच फिरलं.

इथं इंग्लंडात, लीड्समध्ये, माझा मुलगा इयर वनला, म्हणजे इथल्या पहिलीला आहे. वाचनाच्या तासाला मदतीला जाते, म्हणून बघायला मिळतं. पॅट हचिन्सचं १९६८चं 'रोझीज वॉक' घ्या. कोंबडी फिरायला निघालीय, मागं कोल्हा. अख्ख्या पुस्तकात शब्द ३२, आणि त्यात कोल्ह्याचं नावसुद्धा नाही, तो फक्त चित्रात! कोल्हा झेप घेतो, खाली दाताळं पडलेलं. बाई तिथंच थांबतात. आता काय होईल? कशावरून म्हणतोस? सगळी गंमत या दुसऱ्या प्रश्नात. एक जण म्हणतो, कोंबडी मेली. दुसरी पोरगी गुपचूप दाताळ्यावर बोट ठेवते. पान उलटलं की दांडा कोल्ह्याच्या थोबाडावर. हे चित्र झाकलं, तर कोंबडी चक्कर मारून जेवायला घरी आली, एवढंच हाती लागतं.

'घोडा' लिहिलेलं असताना चित्र बघून 'गाढव' ठोकून दिलं, तर ते वाचन नव्हे, हे मलाही कळतं. इथंही ते चालत नाही. इयर वनला ४० शब्दांची फोनिक्स चाचणी असते, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचायचा, आणि त्यातले २० शब्द मुद्दाम निरर्थक, अंदाज चालूच नये म्हणून. (हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. काकांच्या हाती आयतं कोलीत कशाला?) पण गोष्ट पुढं कुठं वळणार हे हेरणं निराळं. इथल्या अभ्यासक्रमातच ते आहे. आणि मराठीत काना-मात्रा एकदा बसल्या की इंग्रजी स्पेलिंगसारखी भानगड नाही. मग आपल्या पोरांना गोष्टीत डोकं घालायला उलट जास्त सवड हवी ना?

बाकीचं ग्रुपवर टाकलं. त्यावर दादाची एक ओळ: 'तिकडं बसून बोलायला काय जातंय.'

झोंबलं. का, ते त्याला ठाऊक नाही. आईनं धाडलेल्या एका पुस्तकात गच्चीवर पापड वाळत घातलेत, आजीला डुलकी लागलीय, आभाळ भरून आलंय. लेकाला विचारलं, आता काय होईल? म्हणाला, "आजी हूड घालेल." पापडांकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्याला पापड माहीत ते पाकिटातले, आणि पावसासाठी इथं कोण धावतंय! मला मात्र ते पान बघताच जिन्यातली धावपळ ऐकू येते. त्याला ती दाखवायची तर मे महिन्यात जायला हवं. आम्ही जातो नाताळच्या सुट्टीत. तेव्हा गच्चीवर ना पापड, ना डोक्यावर वळीव.