शुद्ध इटालियन बोलणारं गाव कोणतं?

इटलीत शिकायला येणारी आपली मुलं हमखास विचारतात, "भाषेचा कोर्स कुठल्या शहरात करू? उच्चार शुद्ध हवेत." उत्तरंही ठरलेली असतात: फ्लॉरेन्सला जा, सिएनाला जा, दक्षिणेकडे अजिबात नको. या शेवटच्या तीन शब्दांचा मला मनापासून राग येतो, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी फ्लॉरेन्सचंच बघा. प्रमाण इटालियन घडली ती तिथल्या बोलीतून. पण तिथला माणूस दोन स्वरांमधल्या 'क'चा 'ह' करतो. 'ला कासा', म्हणजे घर, त्याच्या तोंडी 'ला हासा' होतं. कोकाकोला मागताना तो 'ला होहा-होला' म्हणतो आणि बाकीचा देश त्याची नक्कल करून हसतो. यात गबाळेपणा मुळीच नाही. 'इन कासा' म्हणताना आधी व्यंजन आलं की 'क' शाबूत राहतो. 'आ कासा', म्हणजे घरी, म्हणताना तर तो दुप्पट होऊन 'आक्कासा' ऐकू येतं. हे कुणी शाळेत शिकवत नाही, तरी तिथली लहान पोरंसुद्धा चुकत नाहीत.

म्हणजे प्रमाण भाषेच्या माहेरीच प्रमाण उच्चार नाही. मग तो आहे कुणाकडे? नटांकडे, निवेदकांकडे, डबिंग करणाऱ्यांकडे. तेही 'दित्सिओने'चे, म्हणजे उच्चारांचे, वर्ग लावून तो कमावतात. १८६१ साली देश एक झाला तेव्हा इटालियन बोलू शकणारे, भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजाने, जेमतेम २.५ टक्के होते. इतर अभ्यासक हा आकडा १० टक्क्यांपर्यंत नेतात. बाकी सगळे आपापल्या बोलीत जगत होते. १९५४ मध्ये 'राय'चं, म्हणजे इटलीच्या सरकारी प्रसारण संस्थेचं, टीव्ही प्रक्षेपण सुरू झालं आणि कितीतरी घरांत इटालियन रोज कानावर पडू लागली. ती बोलली गेली ती मात्र आपापल्या बोलीवर तयार झालेल्या जिभेनेच.

त्यात लिपीही फारशी मदत करत नाही. 'लिहितात तसंच वाचतात' हे अर्धंच खरं. आपण 'चार' आणि 'चारा' एकाच 'च'ने लिहितो पण वेगळे उच्चारतो ना, तसंच तिथे 'ए', 'ओ', 'स' आणि 'त्स'चं आहे. 'पेस्का'तला 'ए' तोंड जास्त उघडून म्हटला तर पीच, कमी उघडून म्हटला तर मासेमारी. उत्तरेतल्या मिलानमध्ये 'बेने'तला, म्हणजे 'छान'मधला, 'ए' प्रमाण उच्चारापेक्षा मिटका असतो. सिसिलीत तर हा फरकच नाही, अर्थ संदर्भावरून कळतो. पण मिलानच्या माणसाला 'उच्चार सुधार' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

हे सांगितलं जातं दक्षिणेतल्यांना. माझा ऑफिसमधला एक सहकारी नापोलीचा, म्हणजे नेपल्सचा, आहे. मीटिंगमध्ये तो 'तांतो', म्हणजे खूप, अगदी जपून म्हणतो. आईचा फोन आला की तेच 'तांदो' होतं, शब्दांच्या शेवटचे स्वर विरघळून जातात आणि माणूस मोकळा होतो. आवाजसुद्धा बदलतो त्याचा. उलट फियाट या मोटार कंपनीचे सर्वेसर्वा जान्नी आन्येल्ली यांचा 'र' घशातून यायचा, प्रमाण उच्चारापासून चांगलाच दूर. लोकांना तो खानदानी वाटायचा. उत्तरेतल्या श्रीमंताचा वेगळा उच्चार ही ऐट आणि नापोलीकराचा हा दोष, याला भाषाशास्त्रात काडीचाही आधार नाही. हा निवाडा कान करत नाहीत, पैसा आणि प्रदेश करतात. आणि आपली मुलं महिन्याभरात तोच निवाडा पाठ करून इथल्यांसारखी नाकं मुरडायला लागतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

खरं तर सिसिलीत आपल्याला घरच्यासारखं वाटायला हवं. सुंदर मुलीला प्रमाण भाषेत 'बेल्ला' म्हणतात, सिसिलियनमध्ये 'बेड्डा', जीभ मागे वळवून, जवळजवळ आपलाच 'ड'. 'त्रेनो'तल्या, म्हणजे ट्रेनमधल्या, 'त्र'लाही तिथे जीभ तशीच मागे जाते.

तेव्हा कोर्स निवडताना फी बघा, शिक्षक बघा, घरभाडं बघा. दक्षिणेत, पालेर्मो, नापोली किंवा बारीत शिकलेलं कुणी इथे असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांना तुमचा अनुभव वाचायला हवाय.