काल इथेच होता

पक्षीनिरीक्षक बायको असलेल्या माणसाला भिगवणचा रस्ता फक्त अंधारातच माहीत असतो. पुण्याहून शंभरेक किलोमीटर, म्हणजे पहाटे चारला निघायचं. उन्हं चढली की म्हणे पक्षी कंटाळतात. साडेतीनला उठवलेल्या माणसांचं काय होतं, याचा विचार या छंदात कुणी केलेला नाही.

उजनी धरण झालं १९८० साली. भीमेचं पाणी मागे पसरलं, काठाकाठाने उथळ चिखलाण झालं आणि तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येऊ लागले. रोहितांच्या मागोमाग माणसं आली. रोहित मला सगळे सारखेच दिसतात. माणसांच्या मात्र जाती आहेत आणि त्या मला दुर्बिणीशिवाय ओळखता येतात, कारण नावेत मला दुसरं काही कामच नसतं.

आमची ही यादीवाली. तिच्या लेखी पक्षी दोनच प्रकारचे, झालेले आणि राहिलेले. ‘शेकाट्या झाला, चित्रबलाक झाला, चक्रवाक झाला,’ असं ती मंडईत पिशवी भरत चालल्यासारखं म्हणते. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेल्या पक्ष्याला ही मंडळी ‘लायफर’ म्हणतात. लायफर मिळाला की त्या रात्री आमच्याकडे बटाटेवडे. नाही मिळाला तर खिचडी. त्यामुळे मीही हल्ली झुडपांकडे जरा आशेनेच बघतो. नुसतं नाव टिपून भागत नाही, ई-बर्ड ॲपात आकडाही लागतो. मोजले नसतील तर फुली मारायची सोय आहे, पण फुली मारणाऱ्यांना ही माणसांत धरत नाही. बदकांचा थवा उडाला की ती दहादहाने मोजत सुटते आणि नेमकं त्याच वेळी मी विचारतो, ‘थर्मास कुठे ठेवलास?’

यादीची हाव कुठवर जाते ते हिनेच मला सांगितलं. मायनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज कर्नलाने संग्रहालयांतले पक्षी चोरले आणि आपणच गोळा केले म्हणून त्यांना नव्या चिठ्ठ्या लावल्या. त्यात आपला रानपिंगळाही होता. मूळचा खानदेशातला, १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसनने मिळवलेला. कर्नलाने तो १९१४ साली गुजरातेत आपल्याला सापडल्याचं दडपून दिलं. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी ही लबाडी उघडी पाडली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा शोधून काढला. १८८४ नंतर तो खात्रीने कुणाला दिसलाच नव्हता. गोष्ट झकास आहे. फक्त ही ती दर वेळी कुरकुंभच्या आसपास सांगते, मला डुलकी लागायला आणि तिला सुचायला एकच गाठ.

दुसरी जात तोफखान्याची. या वेळी आमच्या नावेत होता तो गृहस्थ पायापासून टोपीपर्यंत पानाफुलांच्या छापाचे कपडे घालून आला होता. आसपास शंभर पावलांत एक झाड नव्हतं. त्याच्या लेन्सची किंमत आमच्या गाडीपेक्षा जास्त आणि तिला बसायला जागाही माझ्यापेक्षा जास्त. पक्ष्याचं नाव काय, यात त्याला रस नाही. ‘डोळ्यात चमक आली नाही,’ ‘मागे काटकी आली,’ ‘मान वळवायला पाहिजे होती,’ अशा त्याच्या तक्रारी. मुलगी बघायला आलेली माणसंसुद्धा इतकं बोलत नाहीत. मनासारखा आला नाही त्या फोटोला ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतात, असं कळलं. माझे लग्नाचे सगळे फोटो रेकॉर्ड शॉट आहेत.

‘दादा, जरा जवळ घ्या की. उडाले तर उडू देत, फ्लाइट शॉट मिळेल.’

‘उडवायचे नाहीत,’ मागून सर म्हणाले. नावाड्याने मुकाट्याने बांबू चिखलात रोवला. नाव थांबली.

हे सर म्हणजे जुनी जात. ना ॲप, ना कॅमेरा. चिखलातला एकच शेकाट्या धरून बसले, तो पाय कसा उचलतो ते बघत. मध्येच वहीत एक ओळ. ‘काय लिहिलंत?’ विचारलं तर म्हणाले, ‘खातोय.’

पण खरा जीव काढला तो नावेत बसण्याआधीच, वटवट्यावाल्यांनी. हे दोघे. वेड्या बाभळीत एक मातकट वटवट्या, म्हणजे वार्बलर, ‘चक्, चक्’ करत होता. चिमणीएवढासुद्धा नसेल. एक म्हणाला, ब्लिथ्स रीड वार्बलर. दुसरा म्हणाला, छे, पॅडीफील्ड. फरक काय, तर भुवईचा. पॅडीफील्डची भुवई डोळ्याच्या मागे लांबवर जाते, ब्लिथ्सची डोळ्यापुढेच आटोपते. भुवई बघायची तर पक्षी दिसायला हवा आणि तो तर फांदीआड नुसता वटवट करतोय. तेवढ्या वेळात रोहित डोक्यावरून गेले, एकाने मान वर केली नाही. तोफखाना घड्याळ बघत होता, आमची ही दोन्ही नावं मनाशी घोळवत होती आणि मी बटाटेवड्यांची शक्यता अजमावत होतो. भुवई मागे जाते, जात नाही, जाते, जात नाही. शेवटी पक्षीच गेला.

‘ही जागा लक्षात ठेवा,’ नावाडी म्हणाला. ‘काल इथेच होते. दोन्ही.’

दोघांचेही चेहरे उजळले. ‘काल इथेच होता’ हे वाक्य पक्षी बघणाऱ्यांना उठल्याबसल्या ऐकावं लागतं, पण त्याने भांडण मिटलेलं मी प्रथमच पाहिलं. हा नावाडी मूळचा मासेमारीतला. दुर्बीण नाही. ‘डाव्या हाताच्या खांबावर बहिरी ससाणा बसलाय’ असं तो सहज सांगतो आणि पाच दुर्बिणी दोन मिनिटं तो खांब शोधत राहतात.

उन्हं चढल्यावर भाकरी आणि तळलेली चिलापी पुढ्यात आली. माझ्या मते भिगवणला याच कामासाठी यावं आणि अकराला यावं. ही मात्र एका हाताने यादी पुरी करत होती. ॲप विचारतं, निरीक्षक किती? हिने सहा टाकलं.

‘नावेत सात जण होतो,’ मी म्हटलं. ‘नावाड्याला विसरलीस.’

‘नावाडी धरलाय,’ ही म्हणाली.