कास्टिंग नंबर जुळला, पण इंजिन जुळलं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली. तिखट आहे, पण दोन ठिकाणी बरोबर आहे. त्यामुळे ‘अभिप्रायाबद्दल आभार’ एवढ्यावर मला सुटता येणार नाही.

जे आत्ताच इथे आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६९ ची शेवरले कॅमॅरो झेड-२८ (कॅमॅरोची शर्यतीच्या हिशेबाने बनवलेली आवृत्ती) घेताना इंजिन मूळचं आहे का हे कसं बघायचं, यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. (इथे अमेरिकेत सगळे ‘झी-ट्वेंटी-एट’ म्हणतात. मी आपलं झेडच म्हणतो.) काकांच्या टेक्सासमधल्या भाच्याने तशीच एक गाडी बघून ठेवली होती, लेख वाचून तो बिचकला आणि सौदा लांबणीवर टाकला. त्यावर काका लिहितात: एकतीस वर्षं कोल्हापुरात फाउंड्रीत घालवली, ओतलेला नंबर खोटा करता येत नाही. ब्लॉकवर (इंजिनाच्या ओतीव सांगाड्यावर) कास्टिंग नंबर, म्हणजे ओतलेला नंबर, ३९७००१० आहे, तारीख ‘ए ८ ९’ म्हणजे ८ जानेवारी १९६९, पुढच्या बाजूला ‘व्ही ०१२२ डीझेड’ असा स्वच्छ ठसा आहे, अजून काय हवं? तुम्ही सांगितलेल्या जागा चुकीच्या, एक्स-कोडची भानगड चुकीची, आणि इंजिन बदललेलं असलं तरी गाडी ती गाडीच. हे आकड्यांचं सोवळं आता पुरे करा.

आधी माझ्या चुका कबूल करतो.

जागेबद्दल तुम्ही माझा कान धरलात ते योग्यच. मी ‘कास्टिंग नंबर मागच्या फ्लँजवर, ड्रायव्हरच्या बाजूला’ असं लिहिलं. (फ्लँज म्हणजे ब्लॉकची गिअरबॉक्सला जोडणारी कड.) मराठी माणूस ड्रायव्हर उजवीकडे बसवणार, आणि कॅमॅरोत तो डावीकडे बसतो. तुम्ही व्हिडिओ कॉलवर भाच्याला अर्धा तास भलत्या बाजूला टॉर्च मारायला लावलात, त्याचं पाप माझ्याकडे. लेखात आता दुरुस्त केलंय: सीटवर बसून पुढे बघताना जो डावा हात, त्या बाजूला मागे कास्टिंग नंबर. त्याच फ्लँजवर उजव्या बाजूला ओतकामाची तारीख. आणि ठोकलेला कोड उजव्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) पुढे, अल्टरनेटरच्या आड लपलेल्या छोट्या सपाट पट्टीवर, जिला इथे ‘पॅड’ म्हणतात.

दुसरी चूक एक्स-कोडची, म्हणजे फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या) टॅगवर झेड-२८ ची ओळख सांगणाऱ्या कोडची. ‘फायरवॉलवरच्या पत्र्याच्या टॅगवर एक्स ३३ किंवा एक्स ७७ नसेल तर ती झेड-२८ नाही’ असं मी ठोकून दिलं होतं. ते चूक आहे. हे कोड फक्त ओहायोतल्या नॉरवूडच्या कारखान्यात मारले जायचे, आणि तेही डिसेंबर १९६८ च्या मध्यापासून पुढे. कॅलिफोर्नियात व्हॅन नाइसला बनलेल्या गाड्यांवर ते कधीच नसतात. माझं वाक्य खरं मानलं तर पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या झेड-२८ खोट्या ठरतील. तुमच्या भाच्याने बघितलेली गाडी मात्र नॉरवूडची आहे, टॅगवर ‘०२ए’ म्हणजे फेब्रुवारीचा पहिला आठवडा, आणि एक्स ३३ सुद्धा आहे. टॅग बदललेला नसेल तर गाडी झेड-२८ म्हणूनच जन्मली. गाडीबद्दल माझं भांडण नाही, इंजिनाबद्दल आहे.

आता फाउंड्रीकडे वळू. तुमच्याच कामाची गोष्ट तुम्हाला सांगतोय, चुकलं तर रागवा. ओतीव नंबर पॅटर्नवर (साचा पाडायच्या नमुन्यावर) असतो. त्या पॅटर्नने वाळूत जितके साचे पडतील, त्या सगळ्यांतून तोच नंबर उमटून निघतो. खोटा करणं अवघड, शंभर टक्के मान्य. पण म्हणूनच तो एका गाडीबद्दल काहीच सांगत नाही. ३९७००१० या नंबरचे ब्लॉक जनरल मोटर्सने १९६९ पासून पुढची जवळजवळ दहा वर्षं ओतले. कॅमॅरोत गेले, साध्या सेडानमध्ये गेले, पिकअप ट्रकमध्ये तर ढिगाने गेले. ३०२ (झेड-२८ चं इंजिन) आणि ३५० (त्याच ब्लॉकवरचं मोठं इंजिन; आकडे घनइंचांचे) या दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तोच, चार इंच. फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली जाण्याच्या अंतराचा: ३०२ चा तीन इंच, ३५० चा ३.४८. तो फरक क्रँकमध्ये असतो आणि क्रँक पोटात. बाहेरून तुम्ही कितीही नंबर वाचा, दोघं सख्खे भाऊ दिसतात.

(३०२ हा आकडा आला कुठून, तर ट्रान्स-ॲम शर्यतीत पाच लिटरची, म्हणजे ३०५ घनइंचांची मर्यादा होती. शेवरलेने ३२७ च्या बोअरला २८३ चा स्ट्रोक दिला आणि ३०२ वर बरोब्बर मर्यादेच्या आत बसले. कागदावर ताकद २९० अश्वशक्ती. त्या आकड्यावर तेव्हाही कुणी विश्वास ठेवला नाही.)

आता ‘ए ८ ९’. ए म्हणजे जानेवारी, ८ ही तारीख, ९ हा वर्षाचा शेवटचा आकडा. फक्त शेवटचा! अशा तारखेत दशक लिहिलेलंच नसतं. जो ब्लॉक १९७९ मध्येही ओतला जात होता, त्यावरचा ९ कोणत्या सालातला? तुम्ही तो १९६९ चा धरलात, कारण गाडी १९६९ ची आहे. विकणाऱ्यालाही हेच हवं असतं. आणखी एक गोष्ट मला खटकते. ३०२ मध्ये ०१० चा (म्हणजे ३९७००१० चा) ब्लॉक दिसतो तो बहुतेक त्या मॉडेल वर्षाच्या शेवटाकडे. फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या गाडीत मी ३९५६६१८ या कास्टिंग नंबरची अपेक्षा करीन. एवढ्यावरून मी कुणाला चोर म्हणणार नाही, पण मांजराने कान टवकारावेत तसं होतं.

म्हणजे ओतलेला नंबर खोटा नसतो, पण तो सगळ्या भावंडांचा असतो. गाडीबद्दल बोलतो तो ठोकलेला नंबर, आणि तो मात्र बाजारातून दोन डझन पंच आणून कुणीही ठोकू शकतो. त्यामुळे पॅडवरची अक्षरं वाचून भागत नाही. ती ज्या धातूवर आहेत तो वाचावा लागतो.

ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, जिथे हेड बसतं, तो फ्लिंटच्या कारखान्यात ब्रोचिंग मशीनवर एका सरळ फटक्यात कापला जायचा. पॅड हा त्याच पृष्ठभागाचा पुढे डोकावणारा तुकडा. कापताना पुढून मागे जाणाऱ्या केसासारख्या समांतर रेघा पडायच्या, त्या तिथेच राहिल्या आणि कोड त्यांच्यावर ठोकला गेला. पुढे कुणी ब्लॉक फेसिंगला (वरचा पृष्ठभाग पुन्हा सपाट करायला) दिला, तर फिरत्या कटरने रेघाही जातात आणि मूळ ठसेही. मग तिथे गोलाकार खुणा दिसतात, किंवा आरशासारखी गुळगुळीत चकाकी. तुम्ही लिहिलंय, ‘ठसा अगदी स्वच्छ, पॅड चकचकीत’. काका, पन्नाशी ओलांडलेल्या इंजिनावर चकचकीत पॅड ही चांगली बातमी नाही.

दुसरं बघायचं ते ठसे कोणाच्या हातचे आहेत. ‘व्ही ०१२२ डीझेड’ हे इंजिनाच्या कारखान्यातलं: व्ही म्हणजे फ्लिंट, ०१२२ म्हणजे २२ जानेवारी, डीझेड म्हणजे झेड-२८ चं ३०२. गाडीच्या नंबराचा तुकडा, म्हणजे १, ९, एन आणि पुढचे सहा आकडे, हा नॉरवूडला ठोकला जायचा. दुसरं गाव, दुसरा माणूस, दुसरा पंच. काही गाड्यांवर तर तो पॅडवर नसतोच, ऑइल फिल्टरच्या वरच्या खरबरीत भागावर असतो. दोन्ही ओळी एकाच वळणाच्या, एकाच खोलीच्या, एका रेषेत नटून बसलेल्या दिसल्या, तर दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच गॅरेजमध्ये ठोकलेल्या असण्याचा संभव जास्त.

मागच्या वर्षी सिनसिनाटीजवळ एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये एक गाडी बघितली. पॅडवर बोटभर जाड काजळी आणि जुना केशरी रंग. अल्टरनेटरचा पट्टा सैल करून तो बाजूला झुकवला, ब्रेक क्लीनर मारला, दहा मिनिटं थांबलो, मग जुन्या टी-शर्टच्या फडक्याने आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू काढत गेलो. टॉर्च वरून न धरता अगदी आडवा, पॅडला चिकटून धरला. आधी रेघा दिसल्या, पावसाळ्यात शेतातल्या सऱ्या दिसतात तशा. मग त्यांच्यातून तारीख वर आली, किंचित तिरकी, एक आकडा अर्धवट. शेवटी बाजूला गाडीचा नंबर, वेगळ्या वळणाचा आणि जास्त खोल. तो गबाळेपणा बघून मला जो आनंद झाला, तो त्या गृहस्थांना कळेना.

याच्या उलट माझा स्वतःचा पराक्रम. पहिल्यांदा पॅड बघितला तेव्हा हौसेने पॉलिश पेपर घेऊन घासला. आकडे छान उजळले, रेघा गेल्या, आणि ते इंजिन मूळचं होतं की नाही हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

एवढी उठाठेव शेवरलेतच का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. १९६९ च्या फोर्ड मस्टँगच्या नंबरातलं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं, आर असेल तर ४२८ कोब्रा जेट रॅम एअर. कॅमॅरोचा नंबर फक्त इतकंच सांगतो की सहा सिलिंडर की व्ही-आठ. १२४३७ म्हणजे व्ही-आठची कूपे, बस. झेड-२८ असो की बाजारहाटाची गाडी, सुरुवात तीच. अमेरिकेत विकलेल्या शेवरलेची गाडीनिहाय कारखान्याची नोंदही मागवता येत नाही, कॅनडात विकलेल्यांची मिळते. मूळ मालकाकडे ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ म्हणजे वॉरंटी पुस्तकातली धातूची छोटी पाटी शिल्लक असेल तर सोनं, तिच्यावर इंजिनाचा कोड उठवलेला असतो. पण नव्या पाट्याही बनवून मिळतात, तेव्हा तिचा कोड पॅडशी ताडून बघायचाच.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा: इंजिन बदललं तर बिघडलं काय? काही नाही! ही गाडी शर्यतीच्या हिशेबाने बनवलेली, लोकांनी ती तशीच पिदडली, इंजिनं फुटली. वॉरंटीत दिलेल्या ब्लॉकवर शेवरले स्वतःच ‘सीई’ ठोकून द्यायची. असा ब्लॉक असलेली गाडी मी आनंदाने घेईन, विकणारा ‘हा सीई आहे’ म्हणत असेल तर. ट्रकचा ३५० टाकलेली गाडीसुद्धा घेईन, त्या भावात. माझं भांडण आहे ते ट्रकच्या ब्लॉकवर डीझेड ठोकून मूळ इंजिनाचे पैसे मागणाऱ्याशी. तुमच्या फाउंड्रीत कुणी रिजेक्ट मालावर पासचा शिक्का मारला असता, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असतात, ते इथे लिहिण्यासारखं नसावं.

म्हणून भाच्याला एवढं करायला सांगा. विकणाऱ्याच्या परवानगीने अल्टरनेटर बाजूला घ्यायचा, आडव्या उजेडात पॅडचे चार-पाच फोटो काढायचे, एक ऑइल फिल्टरच्या वरच्या भागाचा, एक डॅशवरच्या नंबराच्या पाटीचा आणि एक फायरवॉलवरच्या टॅगचा, रिव्हेट दिसतील असा. गिअरबॉक्सवरही गाडीचा नंबर ठोकलेला असतो, गाडी उचलता आली तर तोही. विकणारा अल्टरनेटर हलवू देत नसेल तर मला फोटो पाठवायची गरज नाही. बाकी सगळं माझ्या ईमेलवर पाठवा, आपण दोघं मिळून बघू. रेघा खऱ्या की ओढलेल्या, हे माझ्यापेक्षा तुमच्या डोळ्याला लवकर कळेल. आणि त्याला बजावा, वायर ब्रश घरी ठेवून जा.