वरण-भाताला ‘नुसता स्टार्च’ ठरवणाऱ्या संदेशाला उत्तर

सध्या एक मजकूर घराघरांतल्या ग्रुपांवर फिरतो आहे. कधी तो लांबलचक संदेश असतो, कधी जिममधल्या एखाद्या तरुणाचा मिनिटभराचा व्हिडिओ. सांगणं एकच असतं. शाकाहारी मराठी घरात रोज शिजतं ते नुसतं पोट भरणारं पिष्ट. डाळीत प्रोटीन नावालाच असतं, असतं तेही अपूर्ण, आणि कुकरच्या शिट्ट्यांत उरलंसुरलं सत्त्वही जातं. म्हणून घरातल्या प्रत्येकाला, मुलांसकट, रोज पनीर तरी द्या नाहीतर प्रोटीन पावडर.

रोज दोन वेळचा स्वयंपाक करणारी बाई हे वाचून हबकते. इतकी वर्षं आपण घरच्यांना निकस खाऊ घातलं की काय, असं तिच्या मनात येतं. मला या मजकुराचा राग येतो तो एवढ्यासाठी. त्यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, त्याकडेही येईन. पण आधी जे चुकीचं आहे ते.

‘डाळीत प्रोटीनपेक्षा कार्ब जास्त, म्हणजे डाळ कार्बच.’

शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं, मूगडाळीत २४ च्या आसपास. कार्बोदकं त्याहून बरीच जास्त असतात, हे खरं आहे. पण त्यावरून डाळीला प्रोटीनच्या रांगेतून बाहेर काढता येत नाही. डाळीतून मिळणाऱ्या एकूण ऊर्जेतला जवळजवळ पाव भाग प्रोटीनचा असतो. दिवसभराच्या ऊर्जेतला दहा ते पंधरा टक्के वाटा प्रोटीनमधून आला तर सर्वसाधारण माणसाचं भागतं. म्हणजे डाळ गरजेच्या दुपटीच्या आसपास जाते. ज्वारी आणि गहूसुद्धा बारा-तेरा टक्क्यांपर्यंत पोचतात. कमी पडतो तो भात, आणि साबुदाणा तर फारच, कारण त्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच. उपासाच्या दिवशी ताटात साबुदाण्याबरोबर दाण्याचं कूट सढळ हातानं घालतात, त्या कुटामुळेच त्या दिवशी थोडंफार प्रोटीन पोटात जातं. वरीच्या तांदळावर दाण्याची आमटी असते तीही त्याच कामाची.

‘वाटीभर वरणात जेमतेम पाच-सहा ग्रॅम प्रोटीन असतं, त्यात काय होणार?’

इथे मोजण्यातच गफलत आहे. पावडर मोजताना ती कोरडी मोजतात, पनीर मोजताना शंभर ग्रॅमचा तुकडा धरतात आणि डाळ मात्र चौपट पाणी घातलेली, शिजलेली धरतात. त्यातून ताटातला दुसरा पदार्थ हिशेबात घेतच नाहीत. कुणी नुसती वाटीभर वरण पिऊन दिवस काढत नाही.

पंचावन्न किलो वजनाच्या बाईचा एक साधा दिवस धरू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये मोठ्या माणसासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं. मुख्यतः धान्यावर चालणारा आहार असेल तर किलोमागे १ ग्रॅम धरावं, कारण ते प्रोटीन थोडं कमी अंगी लागतं. आपण जास्तीचाच आकडा घेऊ, ५५ ग्रॅम. सकाळी भाजणीचं थालीपीठ आणि वाटीभर दही, ११ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्यांचे ९, माणशी तीस ग्रॅम कोरड्या डाळीच्या आमटीचे ६, काकडीच्या कोशिंबिरीतल्या दाण्याच्या कुटाचे ३, ताकाचे २. रात्री ज्वारीच्या दोन भाकऱ्यांचे १०, चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीचे ८, मूदभर भाताचे २. कपभर दुधाचे ६. बेरीज ५७ होते. यात पनीर नाही, सोयाबीन नाही, बाहेरून आणलेलं काही नाही. भाज्यांमधलं थोडंथोडकं असतं ते तर मी धरलेलंच नाही.

‘वनस्पतींचं प्रोटीन अपूर्ण असतं.’

या वाक्यानं सगळ्यात जास्त भीती घातली आहे, म्हणून इथे जरा थांबते. प्रोटीन अमिनो आम्लांचं बनतं. त्यातली नऊ शरीराला स्वतः करता येत नाहीत, ती खाण्यातून यावी लागतात. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी यांत लायसिन नावाचं आम्ल कमी असतं. डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं, पण मिथिओनिन हे दुसरं आम्ल कमी असतं, जे धान्यांत पुरेसं सापडतं. दोन्ही खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. ते एकाच घासात खावं लागतं असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की शरीर आपलं जुळवून घेतं.

आता हे ज्ञान घेऊन महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात जा. खानदेशात कळण्याची भाकरी करतात. ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळून आणायचे, साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद, चवीपुरतं मीठ, आणि जाडसर भाकरी थापायची. बरोबर ठेचा, कांदा, तेल. ज्वारीत जे कमी ते उडदात आहे आणि दोन्ही एकाच पिठात आहे. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू असतात, हरभराडाळ, उडीद असतात, भाजून दळलेलं असल्यानं पचायला हलकं जातं. विदर्भातला गोळाभात म्हणजे भातात डाळीच्या पिठाचे गोळे, खानदेशातले फुणके म्हणजे वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके, ते कढीबरोबर खायचे. सातारा-सांगलीकडे उडदाचं घुटं आणि भाकरी, कोकणात कुळथाचं पिठलं आणि भात. पश्चिम महाराष्ट्रात हुलग्याची शेंगोळी असतात, तिखट रश्शात उकळलेली. आजारातून उठलेल्याला मुगाची खिचडी, लहान मुलाला मऊ भातावर मेतकूट आणि तूप. मेतकुटातही डाळी आणि धान्यं एकत्र भाजून दळलेली असतात.

यातलं कुठलंही ताट घ्या आणि त्यातलं एकच धान्य उचलून ‘हे अपूर्ण आहे’ म्हणा, तुम्ही बरोबर असाल. पण तसं एकटं धान्य आपल्याकडे कुणी वाढतच नाही. भाकरीबरोबर पिठलं असतं, पोळीबरोबर उसळ, भाताबरोबर वरण. अपूर्णतेचा हा आरोप सुट्या पदार्थावरचा आहे, जेवणावर तो लागू होत नाही.

‘कुकरमध्ये डाळीचं सत्त्व मरतं आणि फेस काढला नाही तर युरिक ॲसिड वाढतं.’

या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात. कुकरात पाण्याचं तापमान १२० अंशांपर्यंत चढतं, उघड्या पातेल्यात ते १०० वर थांबतं. त्यामुळे डाळ कमी वेळात शिजते. उष्णतेनं प्रोटीन नाहीसं होत नाही, उलट कच्च्या कडधान्यांत ते पचू न देणारे जे घटक असतात ते निकामी होतात. म्हणून तर वाल, राजमा, चवळी नीट मऊ शिजवायची असते. ब गटातली काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, ती पातेल्यातही होतात. आपण डाळीचं पाणी ओतून देत नाही, कटाची आमटी करतो किंवा त्यातच फोडणी घालतो, त्यामुळे पाण्यात उतरलेलं पोटातच जातं. एकच गोष्ट टाळावी. छोले लवकर शिजावेत म्हणून चिमूटभर सोडा घालतात, त्यानं थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, खरोखर नष्ट होतं. रात्री भिजत घातले तर सोड्याची गरजच पडत नाही.

फेसाचं म्हणाल तर तो डाळीतल्या सॅपोनिन नावाच्या फेसाळ घटकाचा आणि पाण्यात उतरलेल्या प्रोटीनचा असतो. युरिक ॲसिड तयार होतं प्युरीनपासून, म्हणजे पेशींमध्ये असणाऱ्या एका नैसर्गिक घटकापासून. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा १२ वर्षं पाठपुरावा करून २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांमध्ये गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड साचून होणारी सांधेदुखी, जास्त दिसला. वाटाणे, घेवडे, मसूर यांसारख्या प्युरीन असलेल्या शाकाहारी पदार्थांशी मात्र त्याचा संबंध दिसला नाही. फेस काढल्यानं कुकरची शिट्टी तुंबत नाही आणि वरण स्वच्छ दिसतं, तेवढ्यासाठी जरूर काढा. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांचं गणित वेगळं असतं. त्यांनी डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

‘म्हणून रोज पनीर किंवा पावडर.’

पनीर वाईट नाही. पण लिटरभर दुधाचं दीड-दोनशे ग्रॅम पनीर होतं, आणि शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन १८-२० ग्रॅम असलं तरी स्निग्धांशही जवळजवळ तेवढाच असतो. त्यात चोथा नसतो, लोह नगण्य असतं. मटकीच्या उसळीत प्रोटीनबरोबर हे दोन्ही मिळतं. तिला मोड आणले की फायटेट हा लोह अडवणारा घटक कमी होतो, त्यामुळे लोह शोषलं जायला मदत होते, आणि कोरड्या दाण्यात नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. वरून लिंबू पिळलं तर आणखी बरं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, चहातल्या टॅनिनमुळे हेच लोह अडतं. मे महिन्यात फडक्यात बांधलेली मटकी एका रात्रीत मोडावते, डिसेंबरात दोन दिवस घेते, आणि तेव्हा ती गरम पातेल्याशेजारी ठेवावी लागते. रोज पनीर आणायचं ठरवलं की आधी गळते ती हीच उसळ.

पावडरबद्दल राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं आहे की स्नायू कमावण्यासाठी प्रोटीनच्या पुरकांच्या मागे लागू नका. एखाद्या आजारी किंवा फार वृद्ध माणसाला डॉक्टर ती देतात, ती गोष्ट निराळी. पण खेळून आलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला दोन-अडीच हजारांच्या डब्यातलं पेय द्यायचं आणि ताटातली उसळ त्यानं बाजूला सारली तर चालवून घ्यायचं, हे त्या मुलाच्या भल्याचं नाही. तेवढ्या पैशात घरातल्या सगळ्यांना महिनाभर पुरतील इतकी कडधान्यं येतात.

आता अर्धं खरं आहे ते. आपल्या ताटात प्रोटीनचे पदार्थ आहेत, पण पुष्कळ घरांत त्यांचं प्रमाण घसरलं आहे. देशभरातल्या पाहणीवर आधारलेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतीयांच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के वाटा कार्बोदकांतून येतो. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, रात्री भात आणि पातळ वरण, मधल्या वेळेला बिस्किटं. असा दिवस गेला तर वर केलेली बेरीज पस्तीस-चाळीसच्या पुढे सरकत नाही. मधली उसळ गेली, ताक गेलं, आमटीतली डाळ निम्मी झाली. इथे दोष शाकाहाराचा नाही आणि वरण-भाताचाही नाही.

दुरुस्ती घरातल्या वाटीनंच करता येते. मध्यम वाटी सपाट भरली की साधारण सव्वाशे ग्रॅम डाळ बसते, ती चार माणसांच्या एका वेळेला लावा. पाचवं माणूस आलं तर आमटीत पाणी वाढवण्याऐवजी मूठभर मूगडाळ वेगळी शिजवून घाला, ती वीस मिनिटांत होते. पोह्यांत मटार आणि दाणे वाढवा, उपमा असेल त्या दिवशी दही द्या. डब्यातल्या बटाट्याच्या जागी आठवड्यातून दोन-तीनदा डाळमेथी, डाळपालक, मोकळं पिठलं किंवा झुणका गेला तरी फरक पडतो.

आणि वाढताना बघा की घट्ट डाळ कुणाच्या ताटात जाते. अजूनही कितीतरी घरांत पुरुष आणि मुलं आधी जेवतात आणि जिनं रांधलं तिच्या वाट्याला तळाचं पाणी आणि उरलेल्या दोन पोळ्या येतात. रक्त कमी असलेली, बाळंतपणातून उठलेली, मासिक पाळीनं थकलेली बाई त्या घरात नेमकी तीच असते. प्रोटीनची चिंता वाहणारा हा संदेश तिच्या पाककलेवर बोट ठेवतो, पण तिच्या ताटात काय पडतं ते विचारत नाही. सगळ्यांचं एकदम वाढून एकत्र बसणं हा यावर मला माहीत असलेला सगळ्यात पक्का उपाय आहे.

शाकाहारी घरात ज्याची खरी उणीव भासू शकते त्याचा तर या संदेशात उल्लेखही नाही. ते आहे बी-१२ जीवनसत्त्व. ते डाळीत नाही, पालेभाजीत नाही, मोडांत येत नाही. स्पिरुलिना नावाच्या शेवाळात म्हणून जे सांगतात ते बहुतांश शरीराला उपयोगी न पडणाऱ्या रूपातलं असतं. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं. दूध न घेणाऱ्याला जवळजवळ कुठूनच नाही. हातापायांना मुंग्या, सततचा थकवा, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणं वयावर ढकलली जातात. पावडरचा डबा मागवण्याआधी घरातल्या आजी-आजोबांची आणि गरोदर सुनेची ही एक रक्ततपासणी करून घ्या, आणि कमी निघालं तर डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन विनासंकोच घ्या.