‘कोणतीही झोपेची गोळी द्या, भ्रम होणार नाही’ हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका

काल रात्री मावशीचा फोन आला. काकांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेत, रात्री त्यांच्याजवळ तीच असते. तिला कुणीतरी मेसेज पाठवला होता: ‘ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो तो झोप न झाल्यामुळे. रोज रात्री झोपेची गोळी द्या, भ्रम होणारच नाही. कोणतीही गोळी चालते. जपानमध्ये सिद्ध झालंय. माणूस शांत पडून राहिला की धोका टळला.’ आणि मावशीने स्वतःची अल्प्राझोलामची, म्हणजे गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची, स्ट्रिप पर्समध्ये तयार ठेवली होती!

‘कोणतीही गोळी चालते’ हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, झोल्पिडेम ही औषधं वयस्कर माणसाच्या मेंदूवर जास्त चढतात. त्यांनी भ्रम टळत नाही, उलट तीच भ्रमाचं कारण ठरू शकतात. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या, ज्येष्ठांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांच्या यादीत ती याच कारणासाठी आहेत. झोप आणणाऱ्या सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्याही त्याच यादीत आहेत. त्यांनी लघवीही अडते. वर काकांना वेदनेसाठी ओपिऑइड, म्हणजे मॉर्फीनच्या जातीचं औषध, चालू असेल तर दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. आणि गुंगीतच ते पहाटे बाथरूमला उठले, पडले, तर? नुकताच बसवलेला खुबा आहे तो. (जे आधीपासून रोज अशी गोळी घेतात त्यांची ती एकदम तोडायचीही नसते, त्यानेही भ्रम होतो. म्हणून तर हे ठरवणं डॉक्टरांचं काम.)

आता जपानचं. ते अगदीच खोटं नाही, हे मला मान्य करावं लागतं. २०१४ साली तिथल्या एका चाचणीत रामेल्टिऑन नावाची झोपेची गोळी घेणाऱ्यांपैकी ३ टक्के आणि नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के रुग्णांना डिलिरियम, म्हणजे हाच भ्रम, झाला. पण रुग्ण होते फक्त ६७. शिवाय रामेल्टिऑन मेलाटोनिनसारखं, म्हणजे शरीरातल्या झोपेच्या संप्रेरकासारखं, काम करतं, शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ सांभाळतं. अल्प्राझोलामशी त्याचा काही संबंध नाही. आणि मेसेज लिहिणाऱ्याने पुढचं वाचलंच नाही. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या, म्हणजे थेट काकांसारख्या, ३७८ रुग्णांवर मेलाटोनिनची चाचणी झाली: मेलाटोनिन घेणाऱ्यांत डिलिरियम २९.६ टक्के, न घेणाऱ्यांत २५.५. फायदा शून्य. पुढे ऑस्ट्रेलियात आयसीयूतल्या ८५० रुग्णांवरही तेच दिसलं.

झोप बिघडणं हे एक कारण आहे, एकमेव नाही. जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, अडलेली लघवी, बद्धकोष्ठता, दुखणं, नवी औषधं, यातलं काहीही असू शकतं. गोळी देऊन झोपवलं की ते कारण शोधायचंच राहतं.

‘शांत पडला की धोका टळला’ हे तर उरफाटं. डिलिरियमचा एक प्रकार गप्प असतो: माणूस सुस्त पडून राहतो, बोलत नाही, जेवत नाही. आरडाओरडा नसल्यामुळे तोच जास्त नजरेतून सुटतो.

मग करायचं काय, असं मावशीने रडवेल्या आवाजात विचारलं. १९९९ साली अमेरिकेत ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास झाला. चष्मा, ऐकायचं यंत्र, पुरेसं पाणी, लवकर उठवून चालवणं, तारीख-वार-जागा सांगत राहणं, रात्री आवाज कमी, गरम पेय, पाठीला हलकं मालिश. एवढ्यावर डिलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ वर आला, आणि तोही झोपेची औषधं शक्यतो टाळून. काकांचा चष्मा आणि कानातलं यंत्र, दोन्ही घरीच राहिलं होतं. ते आज सकाळी पोचवलं.

आणि कुणी घरची गोळी आधीच दिली असेल तर ओरडा बसेल म्हणून लपवू नका. नाव, किती दिली आणि किती वाजता, हे लगेच सिस्टरना सांगा.